मान वळणारा फ्लॅश

गल्लीतले सगळे त्यांना फोटोकाका म्हणत. एका बाजूला किल्ल्या बनवणारा, दुसऱ्या बाजूला इस्त्रीवाला आणि मधे काकांचा स्टुडिओ. पुढच्या खोलीत एक स्टूल, स्टुलामागे फिकट निळा पडदा, आणि भिंतीवर अशा लोकांचे फोटो, जे काढून घेतल्यावर न्यायला पुन्हा फिरकलेच नव्हते. काका त्यांना ‘आमचे भाडेकरू’ म्हणायचे. मागच्या खोलीत संगणक आणि प्रिंटर, वर माडीवर घर.

ओळखपत्राचे फोटो रोजचेच, पण धंदा खरा चालायचा तो हॉलमधल्या कामांवर. लग्नं, निरोपसमारंभ, कुणाच्या पन्नाशीची मेजवानी, कंपन्यांचं बक्षीसवाटप. अशा कामाला काका कधी एकटे गेले नाहीत. त्यांच्या डाव्या हाताला काकू असायच्याच. काकूंच्या हातात लांब दांड्याचा दिवा आणि दिव्यापुढे पांढऱ्या कापडाची छत्री. दोघांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा एकदा दिवा धरणारा माणूस ऐनवेळी उगवलाच नाही. काका डोक्याला हात लावून बसले. काकू म्हणाल्या, “दिवाच धरायचाय ना? द्या इकडे. त्यात काय मोठंसं!” घरी परतल्यावर त्यांना केस विंचरायला हात वर नेता येईना. पण फोटो धुऊन आले आणि काका बघतच राहिले. माणसं माणसांसारखी दिसत होती. नाकाखाली मिशीसारखी सावली नाही, कपाळावर तेलकट चकाकी नाही.

तेव्हापासून ते ठरूनच गेलं. कुणी काही ठरवलं नाही, तरी ठरलं. उजेड कुठून यायला हवा हे काकूंना समोरच्याकडे नुसतं बघून कळायचं. गुबगुबीत गालांच्या माणसाला बाजूने, खोल गेलेल्या डोळ्यांना जरा खालून. काका कॅमेरा डोळ्याला लावायचे तेव्हा उजेड आधीच जागेवर येऊन थांबलेला असायचा. कधी काकूच हळूच म्हणायच्या, “अहो, थांबा जरा. मुलीच्या आईचे डोळे भरलेत. पुसू दे त्यांना.” हॉलवाले त्यांना ‘लाइटवाल्या बाई’ म्हणायचे आणि जेवणाचं पान काकांच्या आधी त्यांना वाढायचे.

मग लेकीला दिवस गेले. लेक परदेशात, विमानाने अर्धा दिवस लांब. काकू बाळंतपणाला गेल्या. जाताना म्हणाल्या, “दोन-तीन महिने. आलेच मी.”

नात जरा लवकरच जन्मली, अगदी मूठभर. तिला बाळसं धरेपर्यंत राहते, म्हणाल्या. बाळसं धरलं, तेव्हा लेकीची रजा संपली. नात बसायला लागली की येते. चालायला लागली की येते. बोलायला लागली की नक्की येते. नात बोलायला लागली, आणि धड वाक्य पहिलं बोलली ते “आजी, नको जाऊ.” हे काकूंनी फोनवर हसत हसत सांगितलं. काकाही हसले.

इकडे कामाचे हाल चालले होते. दिवा धरायला काकांनी माणसं लावून पाहिली. एकाने तो झेंड्यासारखा सरळ उभा धरला. दुसरा स्वतःच जेवणाकडे बघत राहिला आणि उजेडही त्याच्या नजरेमागे जेवणाकडे. शेवटी काकांनी दिवा गुंडाळून ठेवला आणि कॅमेऱ्यातच बसवलेल्या चिमुकल्या फ्लॅशवर काम उरकायला सुरुवात केली. एका लग्नाचे फोटो बघून मुलीचे वडील स्टुडिओत आले. भांडले नाहीत, तेच जास्त लागलं. अल्बम काउंटरवर उघडा ठेवून एवढंच म्हणाले, “काका, आम्ही लग्नाचे फोटो मागितले होते. हे तर सगळे ओळखपत्राचे दिसतायत.”

खरंच तसे होते. सगळे चेहरे पिठासारखे पांढरे, आणि प्रत्येकाच्या मागे भिंतीवर त्याची काळी सावली चिकटलेली. दोन कुटुंबं लग्नाला आल्यासारखी वाटत होती, एक गोरं, एक काळं.

दुपारी काकूंचा फोन यायचा. इकडे दुपार, तिकडे सकाळ. लेक कामावर गेलेली असायची आणि नात खुर्चीत बसून काहीबाही चिवडत असायची. काकांनी अल्बमची हकिकत सांगितली.

“मग फ्लॅश घ्या ना चांगला,” काकू म्हणाल्या. “वर लावायचा, वेगळा मिळतो तो. सगळे तेच वापरतात हल्ली. तुम्ही आणि मीच मागे राहिलो दिवा घेऊन.”

“बघतो.”

“बघतो नको. घ्या.”

कॅमेऱ्याचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. दुकानदार बडबड्या. कोणत्याही गोष्टीचं उत्तर मेगापिक्सेलपासून सुरू करायचा, म्हणून बाजारात त्याचं नावच मेगापिक्सेल पडलं होतं. त्याने काउंटरवर फ्लॅश ओळीने मांडले.

“हा बघा काका, हा सगळं स्वतः करतो. तुम्ही फक्त बटण दाबायचं. समोरचा किती लांब, अंधार किती, सगळं हाच मोजणार.”

“आणि माणूस कसा आहे ते?”

“म्हणजे?”

“काही नाही. पुढचा दाखवा.”

“हा स्वस्त. पण याचं डोकं सरळच बघतं, वळत नाही. आणि एकदा उडाला की पुन्हा भरायला वेळ घेतो. तुम्ही ‘हसा’ म्हणाल, ते हसतील, आणि हा अजून तयारच नसेल. हा तिसरा, याचं डोकं वर जातं, मागे जातं, दोन्ही बाजूंना फिरतं. छतावर उजेड मारायचा. तो तिथून पसरून खाली येतो, मऊ. सावल्या गायब. हॉलच्या कामाला याच्यासारखा दुसरा नाही. आणि हा चौथा, कॅमेऱ्यापासून लांब स्टँडवर उभा करायचा. हा तिकडे, तुम्ही इकडे. वायर नको, माणूसही नको!”

काकांनी तिसरा हातात घेतला. त्याची मान वळवून पाहिली. कट् कट् आवाज करत ती वळली आणि जिथे सोडली तिथे थांबली. वजन चांगलं होतं. त्यांना तो आवडला, आणि आवडला म्हणूनच त्यांनी तो खाली ठेवला.

“विचार करून येतो.”

असे ते बऱ्याचदा विचार करून आले. एकदा म्हणाले, जड आहे. एकदा म्हणाले, बॅटरी किती खाईल कुणास ठाऊक. एकदा तर चार घड्या केलेला पांढरा कपडा खिशात घालून गेले आणि तो फ्लॅशवर टाकून उजेड कसा पडतो ते मेगापिक्सेलच्याच चेहऱ्यावर करून बघत राहिले. मेगापिक्सेलचे डोळे दिपले. “काका,” तो डोळे चोळत म्हणाला, “लोक घर घेताना एवढ्या चकरा मारत नाहीत हो.”

काकूंना रोज नवं कारण सांगावं लागायचं.

“आज काय झालं?”

“त्याची मान जरा सैल वाटली.”

“मान वळते ना पण? मग झालं. मान वळणाराच घ्या. नाहीतर तुमच्यासारखा घ्याल, नाकासमोर बघणारा.”

“माझी मान वळते.”

“मी कोपराने ढोसल्यावर वळते.”

दोघं हसायचे. तिकडून नातही उगाच हसायची. खरं कारण काकांना ठाऊक होतं, पण ते तोंडाने सांगण्यासारखं नव्हतं. दिव्याचा दांडा अजून जिन्याखाली उभा होता. जोवर फ्लॅश घेतला नव्हता तोवर दिवा धरणारी बाई सुटीवर होती, एवढंच. घेतला की तिची जागा भरली. मेगापिक्सेलच्या दुकानात पिशवीत घालून जागा भरून आणायची, हे काही त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

मग एक दिवस लेकीचा निरोप आला. “बाबा, आईचा एक चांगला फोटो पाठवा ना, चेहरा नीट दिसणारा. इथे काढलेले सगळे मोबाइलवरचे, डोळे मिटलेले. पारपत्रावरचा फार जुना, तो चालत नाही. तुमच्याकडे तर ढीग असतील.”

काकांनी विचारलं, “कशाला हवा?”

“अर्जाला. तिच्या राहण्याची मुदत वाढवायची आहे. आईने सांगितलं नाही का तुम्हाला?”

“सांगितलं, सांगितलं,” काका म्हणाले. “माझ्याच लक्षात नव्हतं.”

त्यांनी मागच्या खोलीत जाऊन संगणक लावला. वर्षावर्षांची कामं उघडली. हॉल तेच, पडदे बदललेले, केसांच्या तऱ्हा बदललेल्या. हजारो माणसं हसत होती, घास भरवत होती, हार-तुरे घेत होती. त्यात काकू कुठेच नव्हत्या. म्हणजे होत्या, पण चौकटीच्या कडेला. एका फोटोत कोपर. एकात छत्रीची पांढरी कड आणि दांड्यावरची चार बोटं. एकात नुसती चप्पल, एका पायावर भार टाकून उभ्या असलेल्या बाईची. एका लग्नात मागच्या काचेच्या दारात अख्ख्या दिसल्या, पण दिव्याच्या मागे, त्यामुळे तोंडाच्या जागी उजेडाचा गोळा. असे फोटो काका गिऱ्हाइकाला देताना कडा कापून द्यायचे. ‘तुझं कोपर आलंय,’ म्हणायचे, आणि काकू म्हणायच्या, ‘कापा की मग.’

बाहेर कुणीतरी काउंटरवर नाणं वाजवत होतं. काका उठले, ओळखपत्राचा फोटो काढून दिला, परत येऊन बसले. लेकीला कळवलं, ‘सापडत नाही. तिथेच एखाद्या स्टुडिओत काढा.’ मग दुकानाला कुलूप लावून थेट बाजाराच्या टोकाला गेले आणि मेगापिक्सेलने तोंड उघडायच्या आत म्हणाले, “तो तिसरा. बांधा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी नेहमीप्रमाणे विचारलं, “मग, आज काय खोट निघाली?”

“घेतला.”

“घेतलात?”

“हो. तू म्हणालीस तोच. मान वळणारा.”

पलीकडे नातीच्या चमच्याचा आवाज येत राहिला.

“बरं केलंत,” काकू म्हणाल्या. “सुटले मी. हात मोकळे झाले माझे.” आणि हसल्या, पण ते हसू जरा उशिराच आलं. त्यानंतर हिला भरवायचंय म्हणून त्यांनी फोन ठेवला. पुढचे काही दिवस फोन आला तो लेकीचाच, धावतपळत. आई कुठे आहे विचारलं तर आई बागेत, आई आंघोळीला, आई झोपलीय.

काकांनी फ्लॅशचा सराव सुरू केला. इस्त्रीवाल्याला स्टुलावर बसवलं. तो बिचारा गिऱ्हाइकांचे कपडे सोडून तास न् तास बसायचा आणि दर फोटोला विचारायचा, “आता गोरा आलो का?” समोरून मारला तर तेच ते पीठ. छतावर मारला तर उजेड मऊ पडला, पण डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचला. मान अर्धी मागे कलती करून वरच्या कोपऱ्यात मारला तेव्हा कुठे इस्त्रीवाल्याचा चेहरा नीट उजळला. काकांना तो उजेड ओळखीचा वाटला.

पहिलं काम एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या निवृत्तीचं होतं. हॉल लहान, छत बुटकं आणि पांढरं, जणू फ्लॅशसाठीच बांधलेलं. काका एकटेच फिरले, हातात कॅमेरा, खांद्याला पिशवी. कुणाच्या पायात वायर आली नाही, कुणाला दांडा लागला नाही. फोटो सुरेख आले. हॉलचा मॅनेजर छोट्या पडद्यावर वाकून बघत म्हणाला, “वा! एकट्यानेच जमवलंत की काका. आता कुणाची गरजच नाही.”

काका हो म्हणाले. त्या दिवशी काम वाईट झालं असतं तर त्यांना जेवण गेलं असतं.

त्यांनी त्यातले निवडक फोटो काकूंना पाठवले. खाली काही लिहावं असं वाटलं, पण काय लिहावं ते सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. काकूच होत्या.

“बघितले फोटो.”

“हं.”

“छान आलेत. मी असताना एवढे छान येत नव्हते.”

“काहीतरीच बोलू नकोस.”

“खरं तेच सांगते. बाईंच्या चेहऱ्यावर एक सुरकुती बोचत नाही, आणि पुसलेली पण नाही. एक सांगू? मी रोज घ्या घ्या म्हणत होते ना, पण मला वाटायचं तुम्ही घेणार नाही. तुम्ही रोज काहीतरी खोट काढायचात आणि मला बरं वाटायचं. चांगलं नाही हे, कळतं मला. धंदा तुमचा बसत होता आणि मी इथे बसून खूश होत होते.”

काका नेहमी अशा जागी थट्टा करून निसटायचे. या वेळी त्यांना थट्टा सापडली नाही.

“मी तुझा फोटो शोधत होतो,” ते म्हणाले. “अर्जाला. सगळी कामं उघडली. कोपर सापडलं तुझं. एक चप्पल सापडली. तू नाही सापडलीस.”

काकू हसायला लागल्या, आणि हसता हसताच त्यांना रडू फुटलं. नातीने “आजी, काय झालं?” विचारलेलं काकांना ऐकू आलं.

“मुदत वाढवतेयस हे मला लेकीकडून कळावं?”

“सांगणार होते.”

“कधी?”

“तुम्ही ये म्हणायची वाट बघत होते. तुम्ही ये म्हणाला असता तर सांगावं लागलंच असतं. इतक्या दिवसांत एकदा तरी म्हणालात का हो? रोज विचारता जेवलीस का, थंडी आहे का, पोरगी कशी आहे. ये म्हणून एकदाही नाही.”

“तुझ्या गळ्यात पोर. लेकीची ओढाताण. त्यात मी आणखी कुठे...”

“मी आले नसते कदाचित. पण तुम्ही म्हणायचं होतं.”

खाली शेजारच्या दुकानात इस्त्रीचा धप् धप् आवाज चालू होता. काकांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

“ये,” ते म्हणाले.

“आता म्हणताय!”

“आता तर आता. ये.”

लेकीने रजा जुळवली, जावयाने नातीची सोय लावली, आणि काकू काही आठवड्यांसाठी आल्या. विमानतळावर दोघांनी एकमेकांकडे नीट बघितलंसुद्धा नाही, सामान कोण उचलणार यावरच वाद घालत राहिले. घरी आल्यावर काकूंनी माडी झाडली, भाडेकरूंवरची धूळ पुसली, फ्लॅश हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, “बरा आहे. माझ्याहून हलका.”

त्याच आठवड्यात एका लग्नाचं काम होतं. दोघं गेले. दारातच हॉलवाल्याने “लाइटवाल्या बाई आल्या!” म्हणून आरोळी ठोकली. काकू सवयीने काकांच्या डाव्या हाताला जाऊन उभ्या राहिल्या, आणि मग त्यांना कळेना की हातांचं करायचं काय. त्यांनी पर्स धरली. मग ती या हातातून त्या हातात घेतली. काकांनी मान वळवून फ्लॅशचं डोकं बाजूच्या भिंतीकडे केलं, तोच कुजबुज आली, “अहो, त्या भिंतीवर नको. पिवळी आहे ती. सगळ्यांना कावीळ झाल्यासारखं दिसेल.” काकांनी निमूट डोकं दुसरीकडे फिरवलं.

थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की काकू एका पायावर भार टाकून उभ्या आहेत. “बस की जरा,” ते म्हणाले. “तुला उभं राहायची काय गरज?”

काकू खिडकीजवळच्या खुर्चीत पाहुण्यांमध्ये जाऊन बसल्या. कामात त्यांना बसलेलं काकांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. केस कपाळाशी बरेच पांढरे झाले होते. उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा वर राहिला होता, इतकी वर्षं दांडा उचलून धरल्याने. डाव्या हाताला उभ्या असलेल्या माणसाचं हे असं काही दिसत नाही. काकांनी फ्लॅशची मान मागच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवली.

“माझे कशाला काढताय? मुलीचे काढा,” काकू ओशाळून म्हणाल्या.

“मान जरा वर.”

“अहो, लोक बघतायत.”

“बघू देत.”

तेवढ्यात त्यांना हसू आलं, आणि तेच हसू फोटोत आलं. डोळे उघडे होते.

ते आठवडे कसे गेले ते दोघांनाही सांगता आलं नसतं. रोज दुपारी तिकडून फोन यायचा आणि नात विचारायची, “आजी, कधी?” काकू तिला “आलेच” म्हणायच्या, आणि फोन ठेवून काकांकडे न बघता काहीतरी आवरायला लागायच्या. एका दुपारी काका आपणहून म्हणाले, “काही महिने तिकडे, काही महिने इकडे, असं करू. ती शाळेत जायला लागेपर्यंत.” काकू म्हणाल्या, “आणि मधे एकदा तुम्ही या.” काकांनी पारपत्राचा अर्ज भरला. फोटो इस्त्रीवाल्याने काढून दिला.

निघायच्या दिवशी विमानतळाच्या दारापाशी काकूंनी बॅग ओढून घेतली आणि म्हटलं, “येते हं.” घरातून बाहेर पडणारं प्रत्येक माणूस हेच म्हणतं. भाजी आणायला जातानासुद्धा त्या हेच म्हणायच्या आणि काका वर न बघता हुंकार द्यायचे. या वेळी ते म्हणाले, “ये.” काकू दारातून आत गेल्या. काच होती, त्यामुळे पाठ बराच वेळ दिसत राहिली.

त्या पोचल्याचा फोन आला त्याच दिवशी काकांना एका कंपनीच्या बक्षीसवाटपाचं काम होतं. हॉल नवा, कधी न पाहिलेला. छत लाकडाचं, काळपट, उजेड गिळून टाकणारं. भिंती होत्या, पण एक तपकिरी, एक हिरवट आणि तिसरी अर्धी काचेची. माणसं जमायला लागली होती. काकांनी फ्लॅशची मान इकडे वळवून पाहिली, तिकडे वळवून पाहिली. मग कॅमेरा गळ्यात सोडून फोन काढला आणि तोंड दिसतं तसला कॉल लावला.

काकूंनी लगेच उचलला. डोळे झोपेने सुजलेले, मागे नात पलंगावर उड्या मारत होती.

“काय झालं?”

“छत काळं आहे. कुठल्या भिंतीवर मारू?”

“दाखवा.”

काकांनी फोन हातात उंच धरला आणि तो हळूहळू हॉलभर फिरवायला लागले.

“एवढ्या घाईने नको,” काकू म्हणाल्या. “हां. थांबा. त्या खांबाच्या शेजारी काय आहे? जरा जवळ न्या बघू.”